संशोधक भीमराव

२६ जूनच्या सकाळी आमच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसवर माणसांची रीघ लागते. १८७४ साली राजर्षी शाहू महाराजांचा जन्म इथे झाला. हार येतात, मोटारसायकलींच्या रॅल्या येतात, पुढारी येतात, फोटो निघतात आणि दुपारपर्यंत सगळे पांगतात. मागच्या जयंतीला असेच सगळे पांगल्यावर आमच्या वस्तीतला एक मुलगा भेटला. जयभीम झाला. पोरगा मातीवर पीएच.डी. करतोय. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या, पांढऱ्या पडल्या. त्या पुन्हा पिकाखाली कशा आणायच्या, हा त्याचा विषय. पाठीवरच्या पिशवीत मातीच्या पुड्या आणि खिशात पैसा नाही, अशी गत. फेलोशिपची रक्कम कित्येक महिने अडकलेली. आई विचारते नोकरी कधी, मित्र विचारतात मोर्चाला का येत नाहीस.

मग त्याने मलाच विचारले, की काका, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, संविधान लिहिले. आम्ही मातीतले मीठ मोजत बसलोय, यात चळवळीचे काय?

मी त्याला बाबासाहेबांच्या पदव्या विचारल्या. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अॅट-लॉ, एका दमात म्हणून दाखवल्या. त्या पदव्यांच्या प्रबंधांत काय आहे, असे विचारल्यावर मात्र तो गप्प झाला. त्याला दोष कशाला द्यायचा? जयंतीच्या स्टेजवर आम्ही ज्येष्ठ मंडळीही या पदव्यांची माळ घालतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. संविधानकार बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत, पण विशी-तिशीतला संशोधक भीमराव आपण पुस्तकांच्या कपाटात बंद करून ठेवलाय. आजचा हा लेख त्या तरुणाविषयी आहे.

वडील रामजी सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. जुलैमध्ये हा २२ वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. तिथे कुणाला त्याची जात ठाऊक नव्हती आणि ग्रंथालयाचे दार सर्वांना एकसारखे उघडे होते. एवढे मिळाल्यावर त्या माणसाने काय केले? अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे मिळतील ते वर्ग भरले. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकला, म्हणजे सरकार कर कुणाकडून आणि कसा घेते नि खर्च कुणावर करते याचे शास्त्र.

महार जातीत जन्मलेल्या मुलाने कर आणि चलन असले रुक्ष विषय का धरावेत? मला वाटते, राज्यसत्तेचा हात गरिबाच्या खिशात नेमका कुठून शिरतो, हे त्या आकड्यांतच दिसते. मिठावरचा कर घ्या. सावकाराच्या घरी माणशी जेवढे मीठ लागते, जवळपास तेवढेच मजुराच्या घरीही लागते. दोघांचा कर सारखा, पण मजुराच्या मिळकतीत त्याचा घास मोठा. हे भाषणात सांगितले तर गाऱ्हाणे ठरते. हिशेबाच्या वह्या उघडून, वर्षावर्षाचे जमा-खर्च लावून सांगितले की तेच शास्त्र ठरते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे वित्त हा विषय त्याने १९१५ साली अशाच वह्यांतून मांडला.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५ वर्षे. जातीचे कारण वंशात किंवा रक्तात शोधणाऱ्या मोठमोठ्या विद्वानांची मते त्याने बाजूला सारली आणि जातीतल्या जातीत लग्न हे जातीचे मूळ धरले. भोवती कुंपण घालून बंद केलेला वर्ग म्हणजे जात. कुंपण टिकवायचे तर नवरा मेलेल्या बाईचे आणि बायको मेलेल्या पुरुषाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्या प्रश्नाची क्रूर उत्तरे आहेत, असे त्याने दाखवले. स्वतःच्या अंगावर वळ उठवणाऱ्या व्यवस्थेकडे त्याने डॉक्टरने रोगाकडे पाहावे तसे पाहिले. १९१७ साली हा निबंध इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला.

जून १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध देऊन तो लंडनला गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले, आणि वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अर्धा अभ्यास टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हातात होती. महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट पाणसुरुंगाच्या माऱ्यात बुडाली. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, त्यातून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली.

बडोद्यात काय घडले ते आपण शंभरदा ऐकले आहे. लांबून फेकलेल्या फायली, पारशी धर्मशाळेच्या दारात काठ्या घेऊन आलेला जमाव, कमाठी बागेत काढलेले तास. मी इथे वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. सार्वजनिक वित्ताचे उच्च शिक्षण घेतलेला माणूस पदरी असताना संस्थानच्या राजधानीत त्याला राहायला खोली मिळाली नाही. त्याच १९१७ साली बडोदे संस्थानच्या एका समितीने शेतजमिनींच्या तुकडेबंदीवर आणि एकत्रीकरणावर अहवाल दिला होता. भीमराव मुंबईला परतले. पोटासाठी शिकवण्या धरल्या, शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक तुटले. आणि त्याच बेकारीच्या दिवसांत त्यांनी तो बडोद्याचा अहवाल समोर घेतला आणि शास्त्रशुद्ध रीतीने उलगडून ठेवला! भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय हा तो निबंध, १९१८ साली भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात आला. बाबासाहेबांच्या तरुणपणीच्या लेखनात मला हा सर्वांत धारदार वाटतो, आणि आम्हा बावडेकरांच्या तर तो दारातला विषय आहे.

त्या काळच्या जाणकारांचे म्हणणे सरळ होते. शेताचे तुकडे पडलेत, म्हणून शेती तोट्यात आहे. तुकडे जोडा, शेत मोठे करा, शेती सुधारेल. भीमरावांनी विचारले की शेत लहान की मोठे हे ठरवायचे कशावरून? बिघ्यावरून की एकरावरून? शेती नुसत्या जमिनीने होत नाही. जमीन, माणसाचे श्रम आणि भांडवल म्हणजे बैल, अवजारे, खत, पाणी, या तिघांचे प्रमाण जुळावे लागते. भरपूर भांडवल असलेल्याला दहा एकर लहान पडेल, आणि ज्याच्याकडे धड एक बैलजोडी नाही त्याला तीन एकरही जास्त होईल. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला तो ऐकणाऱ्याला चक्रावून टाकणारा होता. आहे त्या भांडवलाच्या मानाने भारतातल्या जमिनी लहान नाहीत, उलट मोठ्याच आहेत. खरे दुखणे दुसरीकडे आहे. दुसरा धंदा नाही म्हणून गरजेपेक्षा जास्त माणसे जमिनीला चिकटून बसली आहेत. दोघांचे काम चौघे करतात आणि चौघेही खातात. जे हात उत्पन्नात भर घालत नाहीत ते खाण्यात मात्र वाटा घेतात, शिल्लक उरत नाही, शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही. उपाय? उद्योगधंदे वाढवा. जादा हात तिकडे गेले की शिल्लक पडेल, भांडवल येईल, जमिनीवरचा भार उतरेल आणि तुकडे आपोआप जुळू लागतील. शेतीच्या रोगावर कारखानदारीचे औषध, असे त्या २७ वर्षांच्या तरुणाने सांगितले. शेतीतली ही झाकलेली बेकारी पुढे कित्येक वर्षांनी जगभरच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण होऊन बसली.

आता बावड्यात या. पंचगंगेच्या काठाला राजाराम बंधाऱ्याच्या अंगाला उभे राहा. चौघा भावांत मिळून वीस गुंठे, त्यात ऊस, त्यात खोडवा, आणि चौघेही कागदोपत्री शेतकरी. राजाराम कारखान्याची शिट्टी झाली, पुढे इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजे आली, शहर अंगावर चालून आले, तेव्हा ज्या घरातला एखादा हात शेताबाहेर पडला तेच घर उभे राहिले. हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही असे कुणी म्हणेल. मान्य. पण ज्याच्याकडे गुंठाही नव्हता, ज्याला वतनाच्या तुकड्यासाठी गावकी राबवावी लागे, त्या समाजातल्या मुलाने जमीनवाल्यांचा प्रश्न असा सोडवून दाखवला. आपण फक्त आपल्यापुरते बोलतो, असा आरोप करणाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचावा.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या माठावरून कुरबूर झालीच. डोक्यात एकच, लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास. पगारातून काटकसर करायची, परळच्या चाळीत रमाईने संसार ओढायचा आणि बोटीच्या तिकिटाचे पैसे साठवायचे.

याच काळात बावड्यात जन्मलेला राजा त्यांच्या आयुष्यात आला. शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या राज्यात मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली होती. शिकलेला अस्पृश्य तरुण म्हणजे काय चीज आहे हे त्यांना दुसऱ्याने सांगावे लागत नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली. अध्यक्ष २८ वर्षांचे आंबेडकर. भर सभेत छत्रपतींनी जाहीर केले, की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. राजाने प्रजेला असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. आणि पुढारी मिळाला म्हणून त्याला सभांतच अडकवून ठेवावे, असेही महाराजांनी केले नाही. चारच महिन्यांनी, जुलै १९२० मध्ये, हा पुढारी पुन्हा लंडनला शिकायला निघाला, त्यात महाराजांची मदत होती, स्वतःची शिल्लक होती आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्जही होते. समाज रस्त्यावर उभा आणि नेता ग्रंथालयात, असे तेव्हाही कुणी ना कुणी म्हटले असेल.

लंडनमधले दिवस उपासमारीचे होते. सकाळी पावाचा तुकडा नि चहा, दुपारी बहुधा काहीच नाही, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बैठक. रात्री भूक लागली की बरोबर राहणाऱ्या अस्नोडेकरांनी आणलेले पापड भाजून खायचे. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. विषय होता ब्रिटिश भारतातील वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण. त्यानंतर डी.एस्सी.साठी विषय घेतला तो रुपयाचा.

इथे नियतीने एक विचित्र खेळ केला. महायुद्धानंतर रुपयाचा भाव चढत गेला होता. १९२०च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत. वर्षभरात तो घसरून एक शिलिंग चार पेन्सांच्या आसपास आला. घरून येणारा पैसा रुपयांत आणि खोलीचे भाडे पौंडांत! रुपयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचेच रुपयाने कंबरडे मोडले. १९२१ साली त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. मागणी स्वाभिमानाने केली होती, कर्ज म्हणून. आज आमची पोरे फेलोशिपसाठी साहेबाच्या केबिनबाहेर उभी असतात तेव्हा मला ते पत्र आठवते.

रुपयाच्या त्या प्रबंधात काय आहे? सोप्या भाषेत सांगतो. १८९३ पर्यंत कुणीही चांदी नेऊन टांकसाळीत रुपये पाडून घेऊ शकत असे. सरकारने ते बंद केले. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांना बांधला. रुपया सोन्याला बांधलेला दिसायचा, पण किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर. या व्यवस्थेचे जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या पंडितांनी १९१३ साली कौतुक केले होते. भीमराव म्हणाले की परदेशातला भाव स्थिर दिसतो म्हणून चलन निरोगी ठरत नाही. बाजारात त्या रुपयाला ज्वारी किती येते ते बघा. सरकारने हवे तसे रुपये पाडले की महागाई वाढते, किमती आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात मालवाल्याचा नफा होतो तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो. म्हणून चलन काढणाऱ्याचे हात बांधा, नवे रुपये पाडणे थांबवा. पंडितांच्या वादात मजुराचे ताट कुणी आणून ठेवले असेल तर ते या तरुणाने.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. वय अवघे ४७. ज्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला त्याचा शेवट त्यांनी पाहिला नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध विद्यापीठात दाखल झाला आणि अडला. परीक्षकांना तो बोचला, दुरुस्त्या करायला सांगितले. खिसा रिकामा, लंडनमध्ये राहणे शक्य नाही. एप्रिल १९२३ मध्ये भीमराव मुंबईला आले, निष्कर्षाला हात न लावता मांडणी पुन्हा केली आणि ऑगस्टमध्ये प्रबंध परत पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, आणि डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने पुस्तक छापले. त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी, आणि तीत शिष्याच्या काही मुद्द्यांशी आपले जमत नाही हेही लिहून टाकले. मतभेद छापून प्रस्तावना देणारा गुरू आणि ती तशीच छापणारा शिष्य, दोघेही आपल्याकडे दुर्मिळच. पुस्तक आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण आहे. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली छापला, तो सयाजीरावांना अर्पण केला. जिथे खोली मिळाली नाही त्या बडोद्याच्या राजाचे ऋण त्यांनी असे नोंदवले.

डिसेंबर १९२५ मध्ये चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काही बांधवांना आवडणार नाही. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून काढली, असे आपण स्टेजवरून ठोकून देतो. मध्यवर्ती बँकेची शिफारस १९२६ साली त्या कमिशनने केली आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, इतके खरे. बाबासाहेबांचा स्वतःचा भर चलनावरच्या सरकारी मर्जीला वेसण घालण्यावर होता. जे त्यांनी खरोखर लिहिले ते इतके मोठे आहे की त्यावर आपण शेंदूर फासायची गरज नाही.

तरुणपणीचे ते संशोधन पुढे वाया गेले नाही. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीवर त्यांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये जे खपून लिहिले तो प्रश्न संविधान सभेतही होता, आणि कलम २८० मध्ये वित्त आयोग आला. उद्योग हेच शेतीचे औषध म्हणणारा तरुण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होता, तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाचे पाणी-वीज धोरण त्याच्या खात्यात आकार घेत होते.

त्या मुलाला मी लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचायला दिला. महिन्याभराने घरी आला तो वाद घालायलाच. म्हणाला, काका, भांडवलाचा मुद्दा पटला, पण आमच्या क्षारपड जमिनीत एक पेच आहे. मीठ धुऊन काढायला जमिनीखाली छिद्रांचे पाईप टाकून निचरा करावा लागतो. ते एकट्याच्या वीस गुंठ्यात करून भागत नाही, शेजारच्याचे पाणी पुन्हा आत येते. सगळ्या शिवाराने मिळून केले तरच जमते. म्हणजे इथे एकत्र येणे आधी आणि भांडवल मागून. बाबासाहेबांनी क्रम उलटा लावला होता. मी त्याला कपाटातून १९४७ सालचे स्टेट्स अँड मायनॉरिटीज काढून दिले, त्यात बाबासाहेबांनी शेती सरकारी मालकीची करून गावकऱ्यांनी ती मिळून कसण्याची योजना मांडली आहे. त्याने उभ्या उभ्या चार पाने चाळली, पुस्तक मातीच्या पुड्यांबरोबर पिशवीत टाकले आणि शिरोळची एस.टी. चुकेल म्हणून चहा न घेताच निघाला. फेलोशिप अजून आलेली नव्हती.